तिसऱ्या पानावर डॉक्टर देवस्थळी

सुनेत्रा देवस्थळीला भेटायचं असेल तर गुरुवारी दुपारी जाऊ नये. गेलात तर ती चहा विचारणार नाही, बसा म्हणणार नाही, आणि तुम्ही पुण्याहून एवढ्या लांब आलात याचं तिला काडीचंही कौतुक वाटणार नाही. मागच्या खोलीत मशीन धडधडत असतं, तिचे हात शाईने काळे झालेले असतात, आणि चष्मा कपाळावर चढवून ती नुकत्याच छापलेल्या कागदावर काहीतरी शोधत असते. शोधत असते ती चूक. सापडली तर ओरडते. नाही सापडली तर तिचा चेहरा आणखी संशयी होतो.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात किर्कलॉरी नावाचं गाव आहे. मेंढ्या पुष्कळ, पाऊस त्याहून पुष्कळ. एक हाय स्ट्रीट, दोन चर्च, एक कोर्ट, आणि दर शुक्रवारी सकाळी निघणारं 'किर्कलॉरी ॲडव्हर्टायझर' हे साप्ताहिक. आजकाल असले पेपर कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या मालकीचे असतात आणि त्याहून दूरच्या कारखान्यात छापले जातात. हा पेपर मात्र ज्या घरात लिहिला जातो त्याच घराच्या मागच्या खोलीत छापला जातो. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते: मुद्रक व प्रकाशक एस. देवस्थळी, हाय स्ट्रीट, किर्कलॉरी. आपल्याकडच्या पेपरातही अशी ओळ असते आणि ती कुणी म्हणता कुणी वाचत नाही. सुनेत्राची आई मधुमती मात्र पेपर हातात आला की आधी उलटा करते, ती ओळ वाचते, आणि मग जगात काय चाललंय ते बघते.

हे कौतुक काही पहिल्या दिवसापासूनचं नव्हे. सुनेत्राचे वडील डॉ. शशिधर देवस्थळी मिरजेहून डॉक्टर होऊन आले आणि या गावात जीपी, म्हणजे गावचे फॅमिली डॉक्टर, म्हणून राहिले. देवस्थळी म्हणताना गावकऱ्यांची जीभ अडखळायची, म्हणून ते झाले डॉक्टर डेव्ह. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्माला आलं. मुलगी हुशार निघाली, तिला मेडिकलची ॲडमिशन मिळाली, ग्लासगोच्या मराठी मंडळात पेढे वाटून झाले. आणि त्याच उन्हाळ्यात ही पोरगी सुट्टीतलं काम म्हणून ॲडव्हर्टायझरमध्ये पेपरांच्या घड्या घालायला गेली, ती परत आलीच नाही.

त्या काळात बाकी सगळीकडे छपाईतून शिशाचे टाइप गेले होते. पण किर्कलॉरीत कुठलीही गोष्ट उशिरा पोचते, आणि जायचं नावही उशिरा घेते. पेपरचे मालक आर्ची गिलफिलन अजून शिशाच्या ओळी जुळवून पान बांधत होते. त्यांचा आजा हेच करायचा, बापही हेच करायचा. सुनेत्राने त्यांना उलटी अक्षरं सरळ असल्यासारखी भराभर वाचताना पाहिलं आणि ती जी तिथे उभी राहिली ती उभीच राहिली. घरी येऊन तिने सांगितलं, "बाबा, मला हेच करायचं आहे." डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "घड्या घालायच्या आहेत?" एवढंच विचारलं आणि पुढे कित्येक महिने त्या विषयावर बोलले नाहीत. मंडळातल्या लोकांना ते "ती मीडियात आहे" असं सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, बीबीसीत असेल. डॉक्टर तो समज दूर करायच्या फंदात पडायचे नाहीत.

सुनेत्रा टाइप जुळवायला शिकली. मग टाइप गेले आणि कॉम्प्युटर आले, तेही शिकली. नवं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा बंद पडलेल्या एका छापखान्यातून जुनंच उचलून आणलं आणि ते उघडून, पुसून, शिव्या घालून चालू केलं. बातमी लिहायला शिकली, जाहिराती मिळवायला शिकली. आर्चींना मूलबाळ नव्हतं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी सगळं तिच्या हवाली केलं. सुनेत्राने लग्न केलं ते मँचेस्टरला वाढलेल्या सुश्रुतशी. तो बिचारा घरून सॉफ्टवेअरचं काम करतो आणि शुक्रवारी व्हॅन घेऊन खेडोपाडी पेपर टाकतो.

आर्चींनी छापखान्याबरोबर तिला एक नियमही देऊन ठेवला. तिसऱ्या पानावर कोर्टाचा कॉलम. गावच्या कोर्टात ज्याला ज्याला शिक्षा झाली त्याचं नाव, वय, राहण्याची गल्ली, गुन्हा आणि शिक्षा. सगळ्यांचं. वगळायचं कुणालाच नाही. मोठ्या शहरात याला काही अर्थ नसेल, पण किर्कलॉरीत माणसाला दंडाचं काही वाटत नाही, तिसऱ्या पानाची धास्ती असते. आर्ची स्वतः एकदा परवान्याशिवाय नदीतला सॅमन पकडताना सापडले होते. पुढच्या शुक्रवारी कॉलममध्ये पहिलं नाव त्यांचंच होतं, आणि माशाचं वजनही छापलं होतं.

सुनेत्राने हा नियम आर्चींपेक्षा कडक पाळला. लोक येऊन हातापाया पडायचे. कौन्सिलचा एक मेंबर आला, गोड बोलला, मग धमकावून गेला. आपल्या पोराचं नाव छापलं म्हणून पॅटरसन बेकरीवाल्याने वर्षभर जाहिरात बंद ठेवली. एक शाळामास्तरीण आली. दारू पिऊन गाडी चालवताना सापडली होती आणि काउंटरशी उभी राहून हमसून हमसून रडली. सुनेत्राने तिला आत नेलं, आल्याचा चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला आणि शुक्रवारी तिचं नाव छापलं. "दगड आहेस तू," मधुमतीबाई त्या दिवशी लेकीला म्हणाल्या होत्या. गाव मात्र तसं म्हणालं नाही. गावाला माहीत होतं की इथे वशिला चालत नाही, आणि म्हणूनच या पेपरात ज्याचं नाव नाही तो खरोखर निर्दोष आहे.

आणि मग गेल्या वसंतात डॉक्टर डेव्ह लायब्ररीच्या कार पार्कमधून गाडी मागे घेत होते. ब्रेकवर द्यायचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. मागे मिसेस टेलफर त्यांच्या म्हाताऱ्या माणसांसाठीच्या बॅटरीच्या स्कूटरवरून पुस्तकं बदलायला चालल्या होत्या. स्कूटर कलंडली, बाई पडल्या, मनगट मोडलं. डॉक्टर गाडीतून उतरले, गुडघ्यावर बसले, गळ्यातल्या मफलरची झोळी करून त्यांचा हात बांधला आणि स्वतःच पोलिसांना फोन केला. मिसेस टेलफरच्या तिन्ही मुलांची बाळंतपणं डॉक्टरांनी केलेली. त्या ॲम्ब्युलन्समध्ये चढताना म्हणत होत्या, "डॉक्टरांना काही बोलू नका हो, माझीच स्कूटर मध्ये आली." पण पोलिसांनी जे लिहायचं ते लिहिलं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गाडीची किल्ली सुश्रुतच्या हातात दिली आणि परत मागितली नाही.

केस सप्टेंबरात उभी राहिली. मधले सगळे महिने घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. रविवारी सुनेत्रा आईवडिलांकडे जायची, पोहे खायची, हवेवर बोलायची. डॉक्टर पेपर तोंडासमोर धरून बसायचे. तिला वाटायचं, बाबा रागावलेत. म्हातारपणी पाय चुकला, आणि आता पोटची पोर चारचौघांत अब्रू काढणार. तिची हिंमत झाली नाही विचारायची.

केसच्या आधीच्या रविवारी मधुमतीबाईंनीच विषयाला तोंड फोडलं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुनेत्रा, एवढ्या लोकांची नावं छापलीस. एक नाही छापलंस तर आभाळ कोसळणार आहे का?"

"आई, तसा नाही करता येत." तिकडेच वाढलेल्या सुनेत्राच्या मराठीत लिंगं अशी नेहमीच गडबडतात.

"का नाही येत? पेपर तुझा आहे ना? पन्नास वर्षं त्यांनी या गावाची सेवा केली. त्यांचं नाव त्या दारुड्यांच्या आणि चोरांच्या रांगेत लावणार तू? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो काढून टाकणारच. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणणार, she did it for everyone."

"लोकांना काय जातंय म्हणायला. बाप तुझा आहे." मधुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा म्हटलं होतं तुला दगड. पुन्हा म्हणायला लावू नकोस."

सुनेत्रा घरी आली. सुश्रुतने विचारलं, "तू काय करणार आहेस?" ती म्हणाली, "आय डोन्ट नो." तिच्या तोंडून हे वाक्य त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

मंगळवारी कोर्ट झालं. डॉक्टरांनी गुन्हा कबूल केला, वकील लावला नाही. निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल दंड झाला, लायसन्स गेलं. पेपरची वार्ताहर मॉरॅग कोर्टात नेहमीच्या बाकावर बसली होती. ऑफिसात येऊन तिने बातमी लिहिली आणि सुनेत्राच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मॉरॅग मनाने चांगली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "आज मला सर्दी झाली होती असं समज. मी कोर्टात गेलेच नव्हते. कोण विचारणार आहे?"

खरंच कोण विचारणार होतं? त्या आठवड्यात शेतकी प्रदर्शनाचे निकाल होते, मेंढ्यांची नावंच अर्धं पान खाणार होती. जागा नव्हती म्हटलं असतं तर चाललं असतं. गुरुवारी सकाळी पॅटरसन बेकरीवाला मुद्दाम काउंटरपर्यंत आला, छोट्या जाहिरातीचा बहाणा केला आणि जाता जाता म्हणाला, "या आठवड्यात तिसरं पान वाचायलाच हवं, नाही का?" सुनेत्राचं डोकं असं भडकलं की त्याच्या बेकरीतला मटण भरलेला मीट-पाय त्याच्याच डोक्यावर उपडा करावा.

पण राग येऊन बातमीचं काय करायचं ते काही सुटत नाही. तिने पान उघडलं. डॉक्टरांची बातमी उचलून बाजूला काढली आणि त्या जागी गालिच्यांच्या सेलची जाहिरात बसवली. पान छान दिसत होतं. कुणाला काहीही कळलं नसतं. ती बराच वेळ त्या गालिच्यांकडे बघत बसली.

तिला आठवला बाबांचा दवाखाना. ती सहासात वर्षांची असेल. कान असा ठणकत होता की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं. आई तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. वेटिंग रूम खोकणाऱ्या माणसांनी भरलेली. बाबांनी दार उघडलं, तिला पाहिलं, आईला पाहिलं. आई अर्धी उठलीसुद्धा. आणि बाबांनी पुढचं नाव पुकारलं, "मिस्टर बेअर्ड." मिस्टर बेअर्डचं नुसतं बोट कापलं होतं. पाच माणसं आत जाऊन आली तेव्हा कुठे तिचा नंबर लागला. त्या दिवशी तिने बाबांचा जन्मभर राग करायचं ठरवलं होतं. पण गावात कोण कुणाला सांगत होतं कोण जाणे, तेव्हापासून डॉक्टर डेव्हच्या दवाखान्यात एकानेही कधी रांग मोडली नाही.

सुनेत्राने गालिचे उडवले. बातमी परत जागेवर आणली. मॉरॅगने लिहिलेलं एकदा वाचलं, जे खटकलं ते दुरुस्त केलं, आणि मशीन चालू करायला सांगितलं. आपण बरोबर करतोय याची खात्री असूनही तिला भयंकर वाईट वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे तिला तोवर माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिला घरी फोन करायचा धीर झाला नाही. घरूनही आला नाही. ऑफिस उघडलं, नेहमीसारखी माणसं येऊ लागली. कुणाला हरवलेल्या मांजराची जाहिरात द्यायची होती, कुणाला आजीच्या श्राद्धाची म्हणा ना, पुण्यस्मरणाची. सगळी माणसं तिच्याशी जरा जास्तच हळू बोलत होती. आणि तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आत आले.

सूट घातलेला, टाय बांधलेला, दवाखान्यात निघाल्यासारखे. काखेत पेपर. गाडी नव्हती म्हणजे टेकडीवरच्या घरून चालत आले होते, आणि बाहेर पाऊस होता. सुनेत्राने हातातलं पेन खाली ठेवलं. आता बाबा इथे, सगळ्यांसमोर ओरडणार. मॉरॅग धावत पुढे झाली. "डॉक्टर, आत या ना, बसा." डॉक्टरांनी मान हलवली आणि मांजरवाल्या बाईंच्या मागे रांगेत उभे राहिले. मांजराचं वर्णन बरंच लांबलं. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. त्यांच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले, त्यातला एक पॅटरसन.

डॉक्टरांचा नंबर आला. त्यांनी काउंटरवर पेपर पसरला, चष्मा लावला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "चूक आहे."

"बाबा, मी सॉरी आहे, पण तो बातमी मला—"

"बातमी बरोबर आहे. वय चुकलंय. अठ्ठ्याहत्तर छापलंस."

"अठ्ठ्याहत्तरच आहे. डिसेंबरला seventy-nine होणार. मॉरॅगने चुकीचा लिहिला होता, मी स्वतः करेक्ट केला."

"डिसेंबर घरी. कोर्टात मी एकोणऐंशी सांगितलंय. कागदावर तेच आहे."

सुनेत्राचा हात आपोआप तोंडावर गेला. आपल्याकडच्या त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. शाळेत घालताना मास्तर विचारायचे, पोर कधीचं, आईबाप सांगायचे थंडीतलं असेल, आणि मास्तर प्रवेशात बसेल अशी जून महिन्याची पहिली तारीख ठोकून मोकळे व्हायचे. डॉक्टरांच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, लायसन्सवर तीच तारीख होती. घरात मात्र त्यांचं औक्षण डिसेंबरात व्हायचं आणि केकवर मेणबत्त्या डिसेंबरच्या हिशेबाने लागायच्या. मॉरॅगने कोर्टात ऐकलेलं बिनचूक लिहिलं होतं. आणि सुनेत्राने, जिने आजवर एकाही आरोपीचं वय मनाने छापलं नव्हतं, तिने आपल्या बापाचं वय मेणबत्त्या मोजून दुरुस्त केलं होतं. मुद्रकाचं काम तिच्यातल्या लेकीने केलं होतं, तिच्या नकळत.

"करेक्शन द्यावा लागेल," ती पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं. "बाबा, करेक्शन दिला तर पुन्हा सगळा येणार. नाव, गुन्हा, सगळा. तोच पान. People will read it twice."

"वाचू देत."

"आई माझ्याशी बोलणार नाही."

"ती माझ्याशीही बोलत नाहीये. तुला अडवलं नाही म्हणून कालपासून सगळं आळणी वाढतेय." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ सुनेत्रा, तू मेडिकल सोडलंस तेव्हा मी मंडळात खोटं बोलायचो, तुला माहीत आहे. तू इथे बसायला लागलीस आणि मग मी गावभर एकच सांगत सुटलो. पोस्टात, न्हाव्याकडे, चर्चच्या कॉफीला. माझ्या मुलीच्या पेपरात छापलंय म्हणजे ते तसंच असतं, एका अक्षराचा फरक नाही. आता या वयात मला खोटं पाडू नकोस."

ते मराठीत बोलले होते. रांगेतल्या कुणाला एक शब्द कळला नसेल, पण घाई करून कुणी पुढे सरकलं नाही, पॅटरसनसुद्धा नाही. सुनेत्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिने ते शाईच्या हाताने पुसलं, त्यामुळे गालावर काळा फराटा उमटला. पोस्टात, न्हाव्याकडे, चर्चच्या कॉफीला. इतकी वर्षं ती समजत होती की बाबा पेपर फक्त तोंडासमोर धरतात. आज तिला आपल्या कामाचा, आपल्या बापाचा आणि त्या तिसऱ्या पानाचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

तिने पेन घेतलं. तक्रार नोंदवायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारते त्याच सुरात, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने विचारलं, "नाव?"

"डॉक्टर शशिधर विनायक देवस्थळी," ते म्हणाले. अक्षर अन् अक्षर सुटं करून सांगितलं, डेव्ह म्हणाले नाहीत.

तिने ते लिहून घेतलं. "वय?"

"एकोणऐंशी," डॉक्टर म्हणाले. "आणि आता तरी नीट लिही."